सुईचे टोक आणि बेशुद्ध मुंगी : जवळून पाहण्याच्या इतिहासाविषयी

१

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात निकट वाचनाची पद्धत समजावून सांगताना आम्ही पडद्यावर एक छायाचित्र लावले होते. साखरेच्या दाण्याशी उभी असलेली काळी मुंगी. पडद्यावर ती चांगली पाच फूट लांब दिसत होती. मिशांना असलेले कोपर, डोळ्यांतली बारीक जाळी, जबड्याची दातेरी कड, सारे लखलखीत. छायाचित्र आमचेच होते. मराठी शिकवणाऱ्या दोघांनी चाळिशी उलटल्यावर हा छंद लावून घेतला, त्याचे थोडे कौतुकही आमच्या मनात होते. कवितेतल्या शब्दाकडेही असेच पाहायचे असते, असे आम्ही म्हणणार, तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण ही मुंगी इतकी शांत कशी काय बसली?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. पहाटे गारवा असतो, गारव्यात कीटक मंदावतात, असे काहीसे. हे खोटे नव्हते. पण त्या मुंगीच्या बाबतीत खरेही नव्हते. ती मुंगी आम्ही प्लॅस्टिकच्या डबीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. थोड्या वेळाने ऊब मिळाली की ती पुन्हा चालू लागते, असे आम्ही ऐकले होते. ती चालू लागली नाही. पडद्यावर पाच फूट लांब दिसत होते ते तिचे प्रेत होते, आणि आम्ही त्याला साखरेचा दाणा चिकटवून जिवंतपणाचा देखावा उभा केला होता.

प्रश्न एका ओळीचा होता, पण तो मनातून जाईना. मग आम्ही या कलेचा इतिहास वाचू लागलो आणि लक्षात आले, की हा प्रश्न तिच्या आरंभापासून तिच्या सोबत आहे. लहान वस्तू मोठी करून पाहायची तर आधी तिला थांबवावे लागते. कोणी कशाला कसे थांबवले आणि ते सांगितले की लपवले, या बाजूने हा इतिहास वाचला तर तो निव्वळ भिंगांचा आणि यंत्रांचा राहत नाही. आमच्यासारख्या साहित्याच्या माणसांनाही त्यात आपले काही सापडते.

२

आरंभ करावा तो १६६५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट हूक यांच्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथापासून. रॉयल सोसायटीने प्रकाशित केलेला हा ग्रंथ. सॅम्युअल पीप्स यांच्या रोजनिशीत नोंद आहे, की तो वाचत ते रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसले होते. शास्त्राच्या पुस्तकाने सामान्य वाचकाची झोप उडवावी, असे त्यात काय होते? चित्रे होती. पिसवेचे चित्र तर इतके मोठे, की सुमारे दीड फुटाचा तो कागद घड्या उलगडून पाहावा लागे. माणसाच्या केसाला धरून बसलेली ऊ होती. ज्या प्राण्यांना लोक रोज नखाखाली चिरडत, ते चिलखत घातलेल्या योद्ध्यासारखे समोर उभे राहिले होते.

मात्र ग्रंथाचा आरंभ कीटकांनी होत नाही, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. पहिले निरीक्षण सुईच्या टोकाचे आहे, दुसरे वस्तऱ्याच्या धारेचे. त्यानंतर तलम लिनन कापड, मग रेशीम. म्हणजे घरातल्या वस्तू आधी आणि जीवजंतू नंतर. अणकुचीदार म्हणून ज्या टोकाची उपमा आपण देतो, ते भिंगाखाली बोथट, खड्ड्याखड्ड्यांचे, ओबडधोबड दिसते. माणसाने घडवलेली वस्तू मोठी केली की तिचे दोष दिसतात आणि निसर्गाने घडवलेली मोठी केली की तिची कारागिरी दिसते, असा हूक यांचा निष्कर्ष होता. त्यामागे त्या काळची धर्मश्रद्धा होती. पण सुई आधी आणि पिसू नंतर या क्रमातच तो निष्कर्ष पेरलेला होता. निबंधाची मांडणी हीच त्याची भूमिका असते, असे आपण वर्गात सांगतो, त्याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

पहिल्याच निरीक्षणात सुईच्या सोबतीला आणखी एक टोक येते : छापील पूर्णविराम. वाचकाला जो काळाभोर, गोल, नेमका ठिपका वाटतो, तो हूक यांना भिंगाखाली लंडनच्या रस्त्यावरच्या चिखलाच्या शिंतोड्यासारखा वेडावाकडा दिसला. वाक्य जेथे संपते असे आपण मानतो, तेथे प्रत्यक्षात शाईचे एक डबके आहे. हा परिच्छेद वाचल्यानंतर आम्ही पूर्वीच्या शांतपणे एकही पूर्णविराम टाकू शकलेलो नाही.

आता मुंगी. मुंगीचे चित्र काढणे हूक यांना सर्वांत जड गेले. मेणात किंवा डिंकात पाय अडकवावेत तर ती अंगाला असे पीळ देई, की नीट पाहता येऊ नये. मारून टाकावी तर चित्र पूर्ण होण्याआधीच तिचे शरीर आक्रसून आकार बिघडे. शेवटी त्यांनी तिला ब्रँडीत बुडवले. ती निपचित पडली. त्यांनी तिला बाहेर काढून कागदावर ठेवले आणि चित्र काढले. तासाभरानंतर ती दारूच्या झोपेतून जागे व्हावे तशी एकाएकी उठली आणि पळून गेली. हे सारे हूक यांनी ग्रंथातच लिहून ठेवले आहे. चित्र हवे असणाऱ्या वाचकाला हा तपशील दिला नसता तरी चालले असते. पण त्यांनी तो दिला, आणि त्यामुळे ते चित्र पाहताना आपल्याला मुंगीबरोबर तिच्यासमोर बसलेला, घाईत रेघा ओढणारा माणूसही दिसतो.

माशीच्या डोळ्यांविषयीही त्यांनी असाच खुलासा केला आहे. एका प्रकाशात तो डोळा छिद्रांच्या जाळीसारखा दिसतो, उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा, आणि प्रकाशाची बाजू बदलली की आणखी निराळा. उंचवटा कोणता आणि खळगा कोणता हे एका दर्शनात ठरत नाही. म्हणून अनेक प्रकाशांत पाहिल्याशिवाय आपण चित्र काढायला घेत नाही, असे ते प्रस्तावनेत सांगतात. चित्र म्हणजे एका क्षणाचे दर्शन नव्हे. अनेक दर्शनांतून केलेला तो निर्णय असतो, याची ही स्पष्ट कबुली आहे.

हूक यांच्यानंतर काही वर्षांतच, १६७३ पासून, हॉलंडमधील डेल्फ्ट गावाचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक रॉयल सोसायटीला पत्रे पाठवू लागले. ते मूळचे कापडाचे व्यापारी. कापडाचा पोत पारखण्यासाठी त्या धंद्यात भिंग वापरत. सूतापासून सूक्ष्म जीवांपर्यंतचा हा प्रवास आम्हांला बोलका वाटतो. जवळून पाहण्याची सवय प्रयोगशाळेच्या आधी दुकानात आणि घरात होती.

३

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सूक्ष्मदर्शकातून काढलेले छायाचित्र वेगळे आणि ज्याला आज मॅक्रो छायाचित्रण म्हणतात ते वेगळे. मॅक्रोमध्ये वस्तूची प्रतिमा फिल्मवर किंवा सेन्सरवर वस्तूइतकीच, किंवा तिच्या काही पट मोठी पडते. एक सेंटिमीटरचा भुंगा सेन्सरवरही एक सेंटिमीटर. साध्या डोळ्याला जे दिसते पण नीट दिसत नाही, ते या कलेचे क्षेत्र. दहापटींच्या आतल्या अशा छायाचित्रांसाठी वेगळा शब्द हवा, हे अमेरिकेतील डब्ल्यू. एच. वॉल्म्सली यांनी १८९९ मध्ये सुचवले. तोवर या मधल्या मुलखाला स्वतःचे नावही नव्हते.

छायाचित्रणाचा जन्म मात्र या ओढीसोबतच झाला. इंग्लंडमधील हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३९ मध्ये आपल्या शोधाची पहिली हकिगत सांगितली, तेव्हाच सौर सूक्ष्मदर्शकाशी त्याची सांगड घालता येईल हे नोंदवले होते. खिडकीला लावलेल्या आरशाने सूर्यप्रकाश अंधाऱ्या खोलीत घ्यायचा, भिंगांतून न्यायचा आणि समोर मोठी प्रतिमा पाडायची, असे ते यंत्र. १८४० च्या सुमारास त्यांनी कीटकांच्या पंखांची अशी छायाचित्रे काढली. चित्रकाराचे कष्ट वाचतील, ही त्यांची आशा होती. कष्ट वाचले खरे. पण कागद मंद होते, म्हणून समोरची वस्तू निश्चल हवी होती. त्यामुळे पंख आले, पण पंखांचा धनी आला नाही. हूक यांची मुंगी तासाभराने पळाली तरी तिचे चित्र मागे उरत होते. छायाचित्राच्या पहिल्या पिढीला तेवढीही चंचलता परवडणारी नव्हती.

४

याच्या उलट दिशेने जाणारा माणूस होता झाँ-आंरी फाब्र. हेही आमच्यासारखे मास्तर. फ्रान्समधील आव्हिन्यों येथे ते शिकवत. मुलींना वनस्पतींच्या फलनाविषयी शिकवले म्हणून तेथे गदारोळ झाला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. १८७९ पासून सेरिन्यां गावाजवळच्या दगडाधोंड्यांच्या, काटेरी झुडपांच्या जमिनीवर त्यांनी मुक्काम केला आणि १९०७ पर्यंत कीटकांविषयीच्या आठवणींचे दहा खंड लिहिले. इतर लोक कीटक मारून त्याचे तुकडे तपासतात, आपण त्याला जिवंतपणी पाहतो, असा त्यांचा अभिमानाचा दावा होता. त्यांचे साधन भिंगापेक्षा प्रतीक्षा हे अधिक होते. उन्हात तासन्‌तास पालथे पडून गांधीलमाशीचे बीळ पाहणारा हा मास्तर गावकऱ्यांना वेडाच वाटला असणार. पण कीटकाला न थांबवता स्वतः थांबायचे, हा दुसरा मार्ग त्यांनी दाखवला.

कॅमेरा त्या मार्गावर लगेच आला नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी पत्नी मॅरियन यांच्यासह १९१४ मध्ये 'बुक ऑफ मॉन्स्टर्स' हे पुस्तक काढले. घराच्या परसातले नाकतोडे, कोळी, भुंगे त्यांनी लांबलचक कॅमेऱ्यांनी टिपले होते. लेन्स आणि फिल्म यांतले अंतर वाढवले की प्रतिमा मोठी होते, हे त्यामागचे साधे तत्त्व. पण अंतर वाढले की प्रकाश पसरून क्षीण होतो आणि कीटकाला अधिक वेळ निश्चल राहावे लागते. म्हणून ते मारलेले कीटक जिवंत वाटतील अशा पवित्र्यात मांडले गेले. परसातल्या किड्याला राक्षस म्हणायचे, तो अंगावर येतो आहे असे दाखवायचे, आणि तो मात्र मेलेला. आमची साखरेपाशी उभी केलेली मुंगी याच घराण्यातली.

इंग्लंडमध्ये शिक्षण खात्यात कारकुनी करणारे पर्सी स्मिथ यांनी चार वर्षे आधी निराळा खेळ केला होता. त्यांच्या १९१० च्या 'द ॲक्रोबॅटिक फ्लाय' या चित्रपटात बांधून ठेवलेली माशी गवताचे पाते, बुचाचा तुकडा, चेंडू अशा वस्तू पायांवर गरगर फिरवते. प्रेक्षक थक्क झाले. माशीला कसरत शिकवली असेल काय, अशी चर्चा झाली, आणि माशांना इजा केलेली नाही, असा खुलासा स्मिथ यांना करावा लागला. वास्तविक त्यात कसरत नव्हतीच. पायाखालची जमीन काढून घेतलेली माशी चालण्याचा प्रयत्न करते आणि तिच्या पायांत दिलेली वस्तू फिरते. ती जिवंत होती आणि हलतही होती. तिचे जग मात्र तिच्यापासून काढून घेतले होते. मारण्याखेरीजही थांबवण्याचे प्रकार असतात, ते असे.

५

वस्तूंचे काय? सुई मरत नाही, चमचा पळून जात नाही. वस्तूंच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवू नये असे वाटते. पण १९२० नंतरच्या जर्मनीत तो उद्भवला, आणि त्या वादात साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले एक नावही आहे.

कार्ल ब्लॉसफेल्ट हे बर्लिनच्या कलाशाळेत शिकवत. वनस्पतींच्या आकारांवरून नक्षीकाम कसे सुचते हे विद्यार्थ्यांना दाखवावे म्हणून ते वर्षानुवर्षे कळ्या, देठ, कोंब मोठे करून टिपत राहिले. फुलवाल्याकडची फुले त्यांनी घेतली नाहीत. रेल्वेच्या बांधावर, माळावर उगवलेले तण आणले. १९२८ मध्ये त्यांचे 'कलेचे मूलाकार' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक निघाले, त्यात १२० छायाचित्रे होती. नेच्याची गुंडाळी बिशपच्या राजदंडासारखी, कोंब मंदिराच्या स्तंभासारखा. प्रत्येक चित्राखाली वनस्पतीचे नाव आणि ती किती पट मोठी केली तो आकडा आहे. मात्र चित्राआधी त्यांनी पाने छाटली, देठ सरळ केले, हे चित्राखाली लिहिलेले नाही. स्तंभासारखा दिसणारा कोंब काही अंशी कात्रीने घडवलेला होता.

त्याच वर्षी आल्बर्ट रेंगर-पाच यांचे शंभर छायाचित्रांचे पुस्तक आले. सापाचे डोके, पाने, कारखान्यातल्या जोडे बनवण्याच्या इस्त्र्या, सारे सारख्याच नेमकेपणाने टिपलेले. त्यांना पुस्तकाचे नाव 'वस्तू' एवढेच हवे होते. प्रकाशकाने ते 'जग सुंदर आहे' असे केले. एका शब्दाच्या जागी तीन शब्द आले आणि पुस्तकाचा अर्थ बदलला. समीक्षक वाल्टर बेन्यामिन यांनी ब्लॉसफेल्ट यांच्या पुस्तकाचे १९२८ मध्ये स्वागत केले होते. मानसविश्लेषण जसे अबोध मनाचे दर्शन घडवते तसे कॅमेरा दृष्टीच्या अबोधाचे घडवतो, हा विचार त्यांनी १९३१ च्या छायाचित्रणावरील निबंधात मांडला, तेव्हाही ब्लॉसफेल्ट यांची चित्रे त्यांच्यासमोर होती. पण रेंगर-पाच यांच्यावर, विशेषतः त्या शीर्षकावर, १९३४ च्या व्याख्यानात त्यांनी कडक टीका केली : असा कॅमेरा दारिद्र्यालाही उपभोगाची वस्तू करून टाकतो. १९३१ च्या निबंधात त्यांनी ब्रेख्त यांच्या एका मुद्द्याचा आधार घेतला होता. कारखान्याचे छायाचित्र त्या कारखान्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. कारण त्यातले माणसामाणसांतले संबंध चित्रात उतरत नाहीत.

अटलांटिकपलीकडे १९३० मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी ढोबळ्या मिरचीचे जे प्रसिद्ध छायाचित्र काढले, त्यात ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या उतरत्या भिंतींवरून प्रकाश परावर्तित होऊन तिच्या वळणांवर पडला आणि मिरची मानवी देहासारखी दिसू लागली. नरसाळे चित्रात आहे, पण त्याला नरसाळे म्हणून कोणी ओळखत नाही. ती केवळ अंधारी पार्श्वभूमी वाटते.

याच वर्षांत, १९२९ मध्ये, आय. ए. रिचर्ड्स यांचे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' प्रसिद्ध झाले. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे आणि काळ न सांगता कविता द्यायच्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घ्यायचे, असा तो प्रयोग. ब्लॉसफेल्ट आणि रिचर्ड्स यांनी एकमेकांकडून काही घेतले, असे आम्हांला सुचवायचे नाही. एवढेच दिसते, की एकाच काळात दोन मास्तर दोन वर्गांत एकसारखी कृती करत होते : वस्तू तिच्या जागेवरून उचलायची, भोवतालचे छाटायचे आणि मग जवळून पाहायचे. त्यातून जे दिसले ते अपूर्व होते. रिचर्ड्स यांनी मात्र आपण काय काढून घेतले ते आधी सांगितले आणि त्यामुळे वाचक कसे गोंधळले तेही छापले. त्यांची ही पद्धत पुढे आपल्या वर्गांत रुळली, तेव्हा पहिली कृती आपण उचलली आणि दुसरी पुष्कळदा विसरलो.

६

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. भाते आणि नळ्या न जोडता दूरच्या डोंगरापासून जवळच्या पाकळीपर्यंत सलग फोकस करता येणारी मॅक्रो लेन्स १९५५ मध्ये हाइन्झ किलफिट यांनी बाजारात आणली. पण आमच्या दृष्टीने अधिक वेधक गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. त्या सुमारास ग्रंथालयांतील पुस्तके मायक्रोफिल्मवर उतरवली जात होती. रोमन अक्षरांसाठी पुरेशा ठरणाऱ्या पाश्चात्त्य लेन्स जपानमध्ये तोकड्या पडू लागल्या. कारण कांजी लिपीतल्या एकेका अक्षरात रेघांची एवढी दाटी, की लहान केल्यावर त्या एकमेकींत मिसळून जात. या गरजेपोटी निकॉन कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीने १९५६ मध्ये मायक्रो-निक्कोर ही लेन्स तयार केली. जगभरातले छायाचित्रकार आज ज्या घराण्याच्या लेन्सने फुलपाखरे टिपतात, तिचा जन्म लिपी वाचता यावी म्हणून झाला. जोडाक्षरांच्या आणि मात्रा-वेलांट्यांच्या भाषेत काम करणाऱ्यांना ही हकिगत परकी वाटू नये.

जिवंत कीटकाची अडचण सोडवली ती प्रकाशाने. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी सेकंदाच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतकाच काळ चमकणारा फ्लॅश वापरला. कीटक उडताना प्रकाशाचा किरण छेदी आणि कॅमेरा आपोआप चालू होई. १९७५ मध्ये 'बॉर्न ऑन द विंड' या पुस्तकात मुक्तपणे उडणाऱ्या कीटकांची ही चित्रे आली. हूक यांच्यानंतर तीनशे दहा वर्षांनी कीटकाला न मारता, न बांधता, न पाजता त्याचे रूप स्थिर झाले. थांबला तो प्रकाश. माशी तशीच पुढे गेली.

इतिहास येथे सुखाने संपला असता, पण तसे झाले नाही. अंतर कमी झाले की स्पष्टतेची खोलीही कमी होते, हा भौतिकशास्त्राचा नियम कोणाला चुकत नाही. तो चुकवण्यासाठी संगणकाने युक्ती काढली : कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवत शेकडो छायाचित्रे काढायची आणि प्रत्येकाचा स्पष्ट भाग जोडून एक चित्र करायचे. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात लेव्हॉन बिस यांचे कीटकांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. तेथे एकेक चित्र आठ हजारांहून अधिक छायाचित्रे जोडून केलेले होते आणि दोन छायाचित्रांतले अंतर मिलिमीटरचा शंभरावा भाग. मिशीपासून मागच्या पायापर्यंत सारे स्पष्ट. असा भुंगा कोणत्याही डोळ्याला कधीच दिसला नव्हता. पण आठ हजार छायाचित्रे होईस्तोवर कोणता जिवंत भुंगा बसून राहील? कीटक संग्रहालयातले, टाचणीला टोचलेले होते. बिस यांनी ते लपवले नाही, ही गोष्ट आमच्या लेखी त्या चित्रांइतकीच मोलाची आहे.

७

आता थोडे आमच्याविषयी. ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांना आम्ही हूक यांचाच क्रम सुचवू : आधी घरातली वस्तू, मग कीटक. महागडी लेन्स लागत नाही. जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स स्वस्त कड्याच्या साहाय्याने कॅमेऱ्यावर उलटी बसवावी किंवा लेन्स आणि कॅमेरा यांमध्ये पोकळ नळी जोडावी. अनेक मोबाइलही आता बरेच जवळ जातात. खिडकीतल्या उजेडाला ट्रेसिंग पेपर लावून मऊ करावे, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा ठेवावा. फोकस लेन्स फिरवून करू नये. कॅमेराच केसभर पुढेमागे न्यावा.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ध्यानात येतात. वस्तूची प्रतिमा वस्तूएवढी झाली, की सेन्सरवर पोचणारा उजेड साधारण चौथा हिस्साच उरतो. आणि लेन्सचे छिद्र एफ ८ पर्यंत बारीक केले तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा थर स्पष्ट येतो. छिद्र आणखी बारीक करत गेले तर खोली वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सारेच चित्र मऊ पडू लागते. म्हणजे निवड टळत नाही. सुईचे टोक हवे की नेढे, मुंगीचा डोळा हवा की पाय, हे आधी ठरवावे लागते आणि जे सोडले ते धुक्यात जाते. कवितेवर लिहिताना आपण हेच करतो. फक्त तेथे धुके दिसत नाही.

आमची स्वतःची आवडती वस्तू अक्षर ही आहे. खिळ्यांच्या छपाईच्या जुन्या मराठी पुस्तकातला अनुस्वार घ्या. खिळा कागदात रुतलेला दिसतो, शाई दाबाने कडेला सरकून गडद झालेली असते आणि मधला भाग फिका. ऑफसेटवर छापलेल्या नव्या पुस्तकात तोच ठिपका कागदावर सपाट बसलेला, रुतल्याची खूणही नाही. रंगीत मुखपृष्ठावर तर सलग रंग असा नसतोच. निळे, किरमिजी, पिवळे, काळे कण शेजारी शेजारी बसलेले असतात. या ठिपक्यामागे खिळे जुळवणारा कोणी माणूस होता, हे मात्र भिंगाला दिसत नाही. ते आपल्याला ठाऊक असावे लागते आणि चित्राखाली लिहावे लागते. ब्रेख्त यांचा आक्षेप आम्हांला एवढ्या लहान प्रमाणात पटला आहे.

कीटकांसाठी आम्ही आता पावसाळा सरण्याची वाट पाहतो. सूर्य वर येण्यापूर्वी गवतावर चतुर दवाने जड होऊन बसलेले असतात. ऊन चढेपर्यंत वेळ मिळतो, मग ते पंख थरथरवतात आणि जातात. दहांतली आठ छायाचित्रे हललेली निघतात. फ्रीज हे वाचवू शकला असता. पण मग चित्राखाली 'फ्रीजमध्ये मेलेला' असे लिहावे लागले असते, आणि तसे लिहिण्याची आमची तयारी नव्हती. जे लिहिण्याची तयारी नाही ते करू नये, इतका साधा नियम आम्हांला यातून मिळाला.

यंदाच्या वर्गात आम्ही तेच जुने छायाचित्र पुन्हा लावले. या वेळी कोणी विचारण्याची वाट पाहिली नाही. मुंगी कशी मेली, साखरेचा दाणा कोणी ठेवला, हे सारे सांगितले आणि मग हूक यांच्या मुंगीची गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आता दुसऱ्या वर्षात आहे. तिला व्हरांड्यात गाठून तिचे राहिलेले उत्तर दिले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, सर. तिचे पाय जमिनीला टेकलेलेच नव्हते."

आम्ही घरी येऊन छायाचित्र पुन्हा पाहिले. सहापैकी दोन पाय खरोखरच अधांतरी होते. वर्षभर आम्ही त्या मुंगीचे डोळे आणि जबडा पाहत होतो. पायांकडे आमचे लक्षच गेले नव्हते.